सतरंजीखालची जागा

१

रुग्णालयाच्या तळघरात सर्व्हरची खोली होती आणि त्या खोलीत मिस्त्री बसायचा. शिक्षण त्याचं कॉम्प्युटरचं. पण वरच्या चार मजल्यांवर डॉक्टरांचा एवढा सुळसुळाट, की खाली बसून यंत्रं सांभाळणाऱ्याला साहेब म्हणावं हे कुणाला सुचलंच नाही. पहिल्याच वर्षी कुणीतरी थट्टेनं मिस्त्री म्हटलं आणि ते चिकटलं. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. घरी त्याला याहून वाईट नाव होतं. केस पांढरे व्हायला लागले तरी त्याची थोरली बहीण त्याला 'बारक्या' म्हणायची, आणि तेही चारचौघांत.

सकाळी आठला कुलूप उघडायचं, गार वाऱ्याचा झोत तोंडावर घ्यायचा, दिव्यांच्या रांगेवरून नजर फिरवायची आणि सगळे हिरवे दिसले की चहा. मग ड्यूटीच्या वहीत दोन आकडे लिहायचे. सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. लहान डिस्कवर यंत्राचा स्वतःचा संसार, मोठ्या डिस्कवर रुग्णांच्या नोंदी. मोठीचा आकडा रोज थोडा वाढायचा. लहानीचा मात्र वर्षानुवर्षं एकच, एक्केचाळीस टक्के. तो आकडा मिस्त्री सवयीनं लिहायचा. खरं सांगायचं तर गेले तीन आठवडे, बहिणीच्या आजारपणात जीव टांगलेला असताना, त्यानं तो न बघताच लिहिला होता.

मंगळवारी एक दिवा पिवळा झाला म्हणून त्यानं पडद्यावर पाहिलं. लहान डिस्क अठ्ठ्याऐंशी टक्के भरली होती.

ती शंभरावर गेली तर काय होईल हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. यंत्राला श्वास घ्यायला जागा उरली नसती. नावनोंदणी बंद, औषधांची खिडकी बंद, रक्तगट, तपासण्या, सगळं बंद. वर माणसं खोळंबली असती आणि खाली त्याची मान पिरगाळली गेली असती.

२

जागा कोण खातंय हे शोधणं हे मिस्त्रीच्या डाव्या हातचं काम. त्यानं एकेका फोल्डरचं वजन काढलं आणि बेरीज केली. एक्केचाळीस टक्के. पुन्हा केली. एक्केचाळीसच. यंत्र म्हणत होतं अठ्ठ्याऐंशी. घरात माणसं चार आणि ताटं मात्र नऊ जणांची लागलेली, असा तो हिशोब.

असं होतं कधी कधी. एखादी फाइल पुसलेली असते, पण एखादा प्रोग्रॅम तिला हातात धरून बसलेला असतो, मग जागा सुटत नाही. त्यानं ते तपासलं. कुणीही काही धरून बसलं नव्हतं. डिस्क बिघडली असेल म्हणून तिची तपासणी लावली. तासाभरानं निकाल आला, डिस्क ठणठणीत.

मग त्यानं मागच्या दिवसांचा आलेख काढला. चढ हळूहळू असता तर त्याला एवढं खटकलं नसतं. इथे पायऱ्या होत्या. सकाळी सहाला एक, दहाला एक, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला, रात्री दहाला, पहाटे दोनला. मधल्या वेळात रेघ सरळ. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून किंचित उंच. दर चार तासांनी काहीतरी त्या डिस्कवर येऊन बसत होतं.

दर चार तासांनी या इमारतीत एकच गोष्ट होते हे त्याला ठाऊक होतं. वॉर्डातल्या सिस्टर फेरी मारतात आणि नाडी, ताप, तक्रार लिहितात. पण ते सगळं मोठ्या डिस्कवर जातं. लहान डिस्कशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मिस्त्रीनं स्वतःला चार शब्द सुनावले आणि संध्याकाळपर्यंत जुने लॉग, म्हणजे यंत्राची रोजनिशी, उपसले. निघताना आकडा ब्याण्णव होता.

३

घरी अक्का दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. तीन आठवड्यांपासून ती अशीच बसायची.

आई गेली तेव्हा मिस्त्री सहा वर्षांचा आणि अक्का सतरा वर्षांची होती. त्याला अंघोळी घालण्यापासून त्याच्या फिया भरण्यापर्यंत सगळं तिनं केलं, आणि ते करताना तोंडाचा पट्टा क्षणभर बंद ठेवला नाही. तिच्या शिव्या ऐकल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नसे. पित्ताशयाच्या ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरूनही ती म्हणाली होती, "बारक्या, उपाशी राहू नकोस. माझ्या नावानं उपास करशील तर उठून थोबाडीत देईन."

ऑपरेशन उत्तम झालं. ती घरी आली. आणि त्या दिवसापासून तिनं त्याला एकदाही बारक्या म्हटलं नाही. 'अरे' म्हणायची, 'ऐक' म्हणायची. ओरडायची नाही. तो जेवताना समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. पूर्वी दार उघडं टाकून घोरायची. आता दार लावून घ्यायची आणि आतून श्वासाचाही आवाज यायचा नाही. टाके काढायला नेलं तेव्हा डॉक्टर खूश झाले होते. म्हणाले, इथे जखम होती असंसुद्धा वाटत नाही. वर समजावलं, भुलीनंतर माणूस काही दिवस हरवल्यासारखा वागतो. मिस्त्रीनं ते मान्य केलं, कारण मान्य न करून सांगणार कुणाला आणि काय?

"उशीर झाला," अक्का म्हणाली.

"डिस्क भरतेय गं. कशानं भरतेय तेच कळत नाहीये."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मग खाली पडलंय ते पुसून टाक की."

"खाली म्हणजे?"

"म्हणजे खाली." ती उठली. "पुसून टाक म्हणजे सुटशील."

तिनं खोलीत जाऊन दार लावून घेतलं. खाली म्हणजे तळघरात, दुसरं काय असणार, असं तो स्वतःशीच म्हणाला. पण ताटातलं त्याला संपवता आलं नाही.

४

बुधवारी सकाळी आकडा पंच्याण्णव होता, आणि दहाच्या चहाचा कप तोंडाला लावतानाच मिस्त्रीला अक्काचं 'खाली' समजलं. कप त्यानं तसाच खाली ठेवला.

मोठी डिस्क सर्व्हरला जोडायची म्हणजे ती एका रिकाम्या फोल्डरवर अंथरायची. फरशीवर सतरंजी अंथरतो तशी. अंथरली की फरशी दिसत नाही. फरशीवर आधी कुणी काही टाकलं असेल तर तेही दिसत नाही, पण जागा ते अडवतंच. आणि ती फरशी असते लहान डिस्कची. म्हणून सतरंजी टाकण्याआधी फरशी रिकामी आहे ना, हे बघायचं असतं. शिकाऊ माणसालासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकवतात ते.

तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी मिस्त्रीनं ते बघितलं नव्हतं.

त्या सकाळी अक्का तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर होती. सर्व्हर बंद करून चालू करायचं काम आधीच ठरलेलं होतं. त्यानं ते उरकलं आणि लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला. मोठी डिस्क जोडली गेलीच नव्हती. रुग्णालयाचा प्रोग्रॅम मात्र सुरू झाला होता आणि बिचारा उघड्या फरशीवर नोंदी लिहीत सुटला होता. मिस्त्रीच्या लक्षात आलं तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. नियम असा, की सगळं थांबवायचं, फरशीवरच्या नोंदी उचलून बाजूला घ्यायच्या, मग डिस्क जोडायची, मग वहीत लिहून साहेबांची सही घ्यायची. त्यानं घाईनं सतरंजी वरून टाकून दिली. नंतर उचलू म्हणाला. वहीत काही लिहिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. अक्का शुद्धीवर आल्याच्या आनंदात तो ते विसरूनही गेला.

सतरंजी न उचलता तिच्याखाली डोकावायची एक युक्ती असते. लहान डिस्कची एक खिडकी दुसरीकडे उघडायची. मिस्त्रीनं ती उघडली.

खाली नऊ रुग्णांच्या फाइल होत्या. आठ बरोबर अकराव्या मिनिटाला थांबलेल्या. नवव्या फाइलवर शेवटची वेळ होती आज सकाळी दहा. म्हणजे सात मिनिटांपूर्वीची. रुग्णाच्या नावाच्या जागी अक्काचं नाव होतं.

त्यानं ती उघडली.

"१०:४२. रुग्ण भुलीत. नाडी ७४."

"दुपारी २. रुग्ण शुद्धीवर. खाट १४. भाऊ कुठे आहे असे विचारते."

"संध्याकाळी ६. भाऊ आलेला नाही."

तो खाली खाली जात राहिला. दर चार तासांनी एक ओळ. प्रत्येक ओळ अर्ध्या वाक्याची आणि तिचं वजन मात्र एखाद्या सिनेमाएवढं. सहीची जागा सगळीकडे कोरी.

"रुग्ण बारक्या अशी हाक मारते. कोणाला ते समजत नाही."

"रुग्ण म्हणते खोलीत दिवा लावा. दिवा चालू आहे."

"टाके दुखतात. टाके काढायला कोणी आलेले नाही."

"रुग्ण म्हणते, त्याला सांगा उपाशी राहू नकोस."

मिस्त्रीनं खुर्ची मागे सारली. मग शहाण्या माणसासारखा विचार केला. सतरंजी पडायच्या आधीपासून फरशीवर लिहीत बसलेला एखादा प्रोग्रॅम अजून जिवंत असेल, तो दुसऱ्याच कुणाच्या नोंदी या नावावर टाकत असेल. त्यानं चालू असलेले सगळे प्रोग्रॅम एकेक करून तपासले. त्या फाइलला कुणाचाही हात लागत नव्हता. आणि बारक्या हे नाव या इमारतीत कुणाला माहीत होतं?

५

दोनला पाच मिनिटं कमी असताना तो तिसऱ्या मजल्यावर गेला. चौदा नंबरची खाट ऑपरेशननंतरच्या खोलीत होती, आणि पाइप गळतो म्हणून ती खोली दोन आठवडे बंद होती. किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे होती.

"आत काय ठेवलंय तुमचं?" त्या म्हणाल्या. "मोडक्या खुर्च्या आहेत नुसत्या."

"एक वायर बघायची आहे."

"बघा. पण पटकन. मला फेरीला जायचंय."

खोलीत ओल आली होती. भिंतीशी खुर्च्या एकावर एक रचलेल्या. तीन खाटांवरच्या गाद्या गुंडाळून पायथ्याशी ठेवलेल्या, उघड्या लोखंडी पट्ट्या दिसत होत्या. बाराची खाट सपाट होती. तेराचीही. चौदाच्या पट्ट्या मधोमध खाली दबल्या होत्या.

जुनी असेल, वाकली असेल, असं मिस्त्री स्वतःशी म्हणाला. तो खाटेजवळ गेला आणि उभा राहिला. 'अक्का' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण दारात सिस्टर किल्ली हातात खेळवत उभ्या होत्या, आणि रिकाम्या खाटेला हाका मारणारा माणूस म्हणून दुसऱ्या दिवशी चार मजल्यांवर त्याचं हसं झालं असतं. तो गप्प राहिला. दोन मिनिटं झाली असतील. सिस्टर खाकरल्या तसा तो वळला, आणि त्याच्या पाठीमागे पट्ट्या कुरकुरल्या, कुणीतरी उठून बसल्यावर कुरकुरतात तेवढ्याच.

"ऐकलंत का?" त्यानं विचारलं.

"काय?" सिस्टरनी दाराला कुलूप घातलं.

तो जिन्यानं धावत खाली आला. फाइलमध्ये नवी ओळ आली होती.

"दुपारी २. भाऊ आला. खाटेपाशी उभा राहिला. बोलला नाही. गेला."

त्याखाली यंत्रानं लाल अक्षरांत कळवलं होतं, की डिस्क शंभर टक्के भरली आहे.

६

मोठे साहेब तळघरात कधी येत नसत. त्या दिवशी ते दार न वाजवता आले.

"काय अंडी उबवताय का इथे बसून? वर सगळं ठप्प झालंय."

"साहेब, मला एक तास द्या. मी हे नीट उचलून—"

"तास? थिएटरमध्ये बाळंतपणाची बाई आहे, रक्त जातंय तिचं, आणि तिचा रक्तगट दिसत नाहीये! कशानं भरलीय जागा?"

"जुन्या नोंदी आहेत. चुकून खाली राहिलेल्या."

"चुकून? कुणाच्या चुकीनं?"

मिस्त्रीनं ड्यूटीची वही पालथी ठेवली.

"लागतात का त्या कुणाला?" साहेबांनी विचारलं. "नाही ना? मग पुसा. आत्ता. माझ्यासमोर. नाहीतर उद्यापासून या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे जाईल, आणि त्या बाईला काही झालं तर तुम्ही कुठे जाल ते मी बघतोच."

खूप वर्षांच्या सवयीनं मिस्त्रीनं आधी कॉपी काढायला घेतली. कॉपी न काढता पुसणारा तो मिस्त्री कसला. नऊही फाइल बाजूच्या डिस्कवर जायला पाच मिनिटं लागली, आणि ती पाचही मिनिटं साहेबांचा श्वास त्याच्या मानेवर होता. त्यानं आकार ताडून पाहिले. इकडे जेवढा, तिकडे तेवढा. ती गेली नाही, ती इथे आहे, आपण तिला फक्त हलवतोय, असं त्यानं मनाला बजावलं. वरच्या मजल्यावर एक बाई मरणाच्या दारात होती आणि ती तर कुणाला शंका न यावी इतकी खरी होती.

त्यानं पुसायचा हुकूम दिला.

फाइल बाजूच्या चौकटीत अजून उघडी होती. फेरीची वेळ नव्हती, तरी तळाशी एक ओळ उमटली.

"दुपारी ३:१०. रुग्ण म्हणते भाऊ दिसतो आहे. हात पुढे केला आहे."

मग चौकट कोरी झाली. दिवे हिरवे झाले. एक्केचाळीस टक्के. फोनवर कुणीतरी साहेबांना सांगत होतं की रक्तगट दिसला, सगळं सुरू झालं.

"एवढंसं काम होतं," साहेब म्हणाले, "आणि दोन दिवस लावलेत."

ते गेल्यावर मिस्त्रीनं बाजूच्या डिस्कवरची कॉपी उघडली. आठ फाइल जशाच्या तशा होत्या. नववी उघडली तर आत सगळी शून्यं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत शून्यं, आणि आकार मात्र अगदी बरोबर. त्यानं आकार पाहिला होता. आत पाहिलं नव्हतं. तो टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

बऱ्याच वेळानं त्यानं वही ओढली आणि आजच्या तारखेसमोर एक्केचाळीस लिहिलं.

७

घराचं दार उघडंच होतं. बाहेर अजून उजेड होता, आणि आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. गेले तीन आठवडे तिथे आवाज नव्हता.

मिस्त्री उंबऱ्यावर थांबला. वाटेत त्यानं मनाची बरीच समजूत घातली होती. ओलीनं पट्ट्या वाकतात. डिस्क भरली की यंत्र काहीबाही दाखवतं. आणि बहीण घरी आहे, डोळ्यांसमोर आहे, मग रडायचं कुणासाठी? ही समजूत धरूनच तो इथपर्यंत आला होता.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. गालांवर रंग होता. एक हात कुशीवर होता, टाके दुखत असल्यासारखा. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसली. हसणंही तिचंच होतं, डाव्या बाजूला जरा जास्त.

"आलास, बारक्या?" ती म्हणाली. "उपाशी नाही ना राहिलास?"

तीन आठवडे या हाकेसाठी त्याचे कान आसुसले होते. आवाज तोच, ठसका तोच, 'बारक्या'तला 'बा' तसाच ओढलेला. पण हेच शब्द त्यानं दुपारी त्या फाइलमधून पुसले होते. त्यानं चौकट धरली.

"असा बघतोस काय?" अक्का म्हणाली. "आत ये. दार लावून घे. आता कुणी यायचं नाही."